कोल्ड्रिंक सोडलंय, आता घशाचा तो चटका कुठून आणू?

खारेदाणे
मंडळी, नुकतंच रक्त तपासून घेतलं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी, ६.१. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मधुमेह अजून नाही, पण उंबरठ्यावर येऊन उभे आहात. "चहात साखर किती?" म्हटलं, बिनसाखरेचाच पितो. त्यांचा चेहरा जरा खुलला. मग म्हणाल्या, "आणि कोल्ड्रिंक?" इथे आमची दातखीळ बसली.

गंमत म्हणजे मला गोडाची आवड अशी नाहीच. लग्नात जिलबीच्या ताटाकडे मी ढुंकूनही बघत नाही. पण दुपारी साडेतीनला ऑफिसात एक आणि रात्री जेवण झाल्यावर एक, थम्सअप लागतं म्हणजे लागतं. बाटलीमागचं बारीक अक्षर आता चष्मा लावून वाचलं. शंभर मिलीला दहा ग्रॅमच्या आसपास साखर. अर्ध्या लिटरला पन्नास ग्रॅम धरा. एवढी साखर कुणी वाटीत घालून पुढे ठेवली तर मी त्याला वेड्यात काढेन.

तर प्रश्न असा: याला पर्याय काय? कृपया "पाणी पी" असं सांगू नका, ते मी पितोच. मला फसफस हवी, घशाला चटका हवा, थंडगार हवं आणि ऑफिसातल्या टेबलावर करता आलं पाहिजे. झीरोवाली बाटली आणून बघितली. प्यायल्यावर जिभेवर मागे काहीतरी कडवट रेंगाळतं, खोकल्याचं औषध घेतल्यासारखं वाटतं.

रमाकांतपंत
पाणी प्या.

खारेदाणे
पंत, धागा वाचलात का?

रमाकांतपंत
वाचला, म्हणूनच म्हटलं. माठातलं, वाळ्याची जुडी टाकून.

चिंगी
पंतांचा प्रतिसाद कुठल्याही धाग्यावर चालतो. परवा केसगळतीच्या धाग्यावरही हेच होतं.

रुमाल टाकून ठेवते. मलाही हवंय उत्तर.

कोकणकडा
आगळ आणा. विषय संपला.

संपला नाही, कारण पुणेकर दुकानात जाऊन "कोकम द्या" म्हणतील आणि अमृत कोकम घेऊन येतील. अमृत कोकम म्हणजे साखरेच्या पाकात मुरलेलं, घट्ट, गोड. ते तुमच्या कामाचं नाही. आगळ म्हणजे रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, रस नुसता मिठात टिकवलेला. साखरेचा कणही नाही. बाटलीमागे घटक वाचा: कोकम आणि मीठ, एवढंच असलं पाहिजे.

उंच ग्लास घ्या. तळाला दोन चमचे आगळ, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड. बर्फ. त्यावर फ्रीजमधला गारेगार साधा सोडा, ग्लास तिरका धरून कडेने सोडायचा. वरून मीठ अजिबात नको, आगळात भरपूर असतं. रंग असा येतो की शेजारच्या टेबलावरचा विचारतोच, काय पिताय. हिरवी मिरची उभी चिरून टाकलीत तर घशाला चटका मिळतो की नाही ते मला सांगा.

एकच सांगतो, रक्तदाब असेल तर मिठाचा विचार करा. एखादा ग्लास ठीक, तांब्याने पिऊ नका.

सदाशिव_मोरे_पाटील
वाचनखूण साठवली. पुणेकरांवरचा टोमणाही साठवला.

आजीचा_बटवा
आमच्याकडे कैरीचं पन्हं असतं उन्हाळाभर. गुळाचं करायचं, साखर घालायचीच नाही. वेलदोडा, केशर. मुलं कोल्ड्रिंकचं नाव काढत नाहीत. गूळ नैसर्गिक असतो, लोह असतं त्यात, मधुमेहींनाही चालतो.

हिशेबनीस
ताई, पन्ह्याला माझा मुजरा, पण शेवटचं वाक्य मागे घ्या. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. रंग, वास आणि थोडी खनिजं सोडली तर रक्तात गेल्यावर स्वादुपिंडाला फरक कळत नाही. मधाचंही तेच. लोहासाठी पन्हं पिणं म्हणजे पेपरसाठी रद्दीचं दुकान विकत घेणं.

आजीचा_बटवा
आमच्या आजेसासूबाई ९१ वर्षं जगल्या रोज गूळ खाऊन.

हिशेबनीस
त्या रोज किती किलोमीटर चालायच्या तेही लिहा.

आजीचा_बटवा
विहिरीवरून पाणी आणायच्या. बरं, पटलं. पण पन्हं गुळाशिवायही होतं हो. कैरी उकडून गर काढायचा, त्यात काळं मीठ, जिरं, पुदिना, मिरपूड. आमच्या जाऊबाई उत्तरेकडच्या आहेत, त्या असंच करतात, गोडाला फक्त नावापुरता हात लावतात. तो गर फ्रीजमध्ये ठेवून सोड्यात घातला तर खारेदाणेंचं काम व्हावं.

खारेदाणे
ताई, हे भारी आहे. कैरीचा हंगाम आहे तोवर नक्की. कोकणकडा, आगळ आजच आणतो. दादरला मिळेल ना?

कोकणकडा
दादरला काय मिळत नाही? कोकणी मालाच्या कुठल्याही दुकानात जा.

पृथक
अन्नतंत्रज्ञान शिकलोय म्हणून त्या कडवट चवीबद्दल थोडं लिहितो.

झीरो, डाएट वगैरे पेयांत बहुधा अ‍ॅस्पार्टेम आणि एसेसल्फेम-के ही कृत्रिम गोडव्यांची जोडी असते, काहींत सुक्रालोज. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड, सुक्रालोज सुमारे ६०० पट. त्यामुळे लागतं अगदी चिमूटभर. पण दोन अडचणी होतात. साखरेचा गोडवा जिभेवर चटकन येतो आणि चटकन जातो, यांचा जरा उशिरा येतो आणि रेंगाळतो. एसेसल्फेममध्ये थोडा कडवटपणाही आहे, तो शेवटाला वर येतो. दुसरं म्हणजे साखर पेयाला दाटपणा देते. ती काढली की तोंडात पाणचट वाटतं, चव तीच असली तरी.

यावर घरगुती उपाय म्हणजे मीठ. मिठाने कडवटपणा दबतो. पण कोरडं मीठ थेट झीरो कोलात टाकू नका, सगळा गॅस फेस होऊन टेबलावर येईल. अर्धं लिंबू पिळा, त्यात चिमूट काळं मीठ पूर्ण विरघळवा, मग त्यावर हळूहळू कोला ओता. आणि एकदम गार प्या. कोमट झालं की तो रेंगाळणारा गोडवा जास्तच जाणवतो.

आणखी एक, बाटलीवरची तारीख बघून घ्या. अ‍ॅस्पार्टेम उष्णतेने आणि काळाने हळूहळू मोडतं, गोडवा कमी होत जातो. टपरीवर उन्हात महिनाभर तापलेली झीरो घेतलीत तर आवडण्याची शक्यता कमीच.

विषारी_सत्य
बघा म्हणजे लोकांना कॅन्सर कसा विकतात. अ‍ॅस्पार्टेमने कॅन्सर होतो हे खुद्द डब्ल्यूएचओने सांगितलंय. आमच्या ग्रुपवर आलं होतं.

चिंगी
आला. पॉपकॉर्न आणते. बिनसाखरेचे.

पृथक
सांगितलंय ते पूर्ण वाचू. जुलै २०२३ मध्ये डब्ल्यूएचओच्याच आयएआरसी या कर्करोग-संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेम "२ब" गटात टाकलं. म्हणजे "कदाचित कारणीभूत असू शकेल, पुरावा मर्यादित." हा गट धोका किती हे सांगत नाही, पुरावा किती हे सांगतो. त्याच दिवशी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा होती तीच ठेवली: शरीराच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाने ही मर्यादा ओलांडायची तर दिवसाला नऊ ते चौदा कॅन प्यायला हवेत, बाकी कशातून अ‍ॅस्पार्टेम पोटात गेलं नाही असं धरून.

खारेदाणे, तुम्ही रोज चौदा पिता का?

खारेदाणे
नाही हो. तेवढे पैसे नाहीत.

पृथक
मग झोपा निवांत. ज्यांना फेनिलकीटोनुरिया हा जन्मजात आजार आहे त्यांनी मात्र अ‍ॅस्पार्टेम घ्यायचंच नाही, बाटलीवर तशी सूचना असते.

विषारी_सत्य यांच्या बाजूनेही एक सांगतो. त्याच वर्षी मे महिन्यात डब्ल्यूएचओने असंही म्हटलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोडव्यांचा आधार घेऊ नका, दीर्घकाळात त्याचा फायदा दिसत नाही. पण ही शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती, हे फॉरवर्डमध्ये गळून पडतं.

विषारी_सत्य
कंपन्यांकडून किती मिळतात?

पृथक
दोन आगळाच्या बाटल्या.

इन्सुलिनवाली
इथे लिहू की नको करत होते.

मला शाळेत असल्यापासून टाइप १ मधुमेह आहे. माझ्यासाठी झीरो कोला म्हणजे मैत्रिणींबरोबर बाहेर गेल्यावर इन्सुलिनचा हिशेब न करता हातात धरता येणारा एकमेव थंड ग्लास आहे. त्यामुळे "विष विष" म्हणून ओरडणाऱ्यांचा राग येतो. मी ते रोज पीत नाही, पण पिते तेव्हा मजा म्हणून पिते.

एक महत्त्वाचं. घरात कुणी इन्सुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असेल आणि तुम्ही सगळं घर "शुगर फ्री" करायला निघाला असाल, तर खऱ्या साखरेचं काहीतरी घरात ठेवाच. साखर एकदम उतरली, घाम सुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं, की तेव्हा झीरो पाजून काहीही उपयोग होत नाही. ग्लुकोजची पावडर, साखरेचं पाणी किंवा नेहमीचं गोड कोल्ड्रिंक लागतं. प्रवासात एकदा माझी साखर उतरली तेव्हा सहप्रवाशाने मोठ्या प्रेमाने डाएटची बाटली पुढे केली होती. माणूस चांगला होता, बाटली चुकीची होती.

आजीचा_बटवा
हे सगळ्यांनी वाचायला हवं. धन्यवाद गं.

दाढदुखी
दंतवैद्य आहे म्हणून तोंड घालतो.

साखर काढली म्हणजे दात वाचले असं नाही. कोलात फॉस्फोरिक आम्ल, लिंबूवाल्यांत सायट्रिक. झीरोतही तेच. दाताचं आवरण साधारण साडेपाच पीएचच्या खाली विरघळायला लागतं आणि ही पेयं तीनच्या आसपास असतात. आगळ, लिंबू, कैरी सगळी याच घरातली. साखर नसेल तर किडीचं काम कमी होतं, झीज होतेच.

माझ्याकडे येणाऱ्यांत सर्वात वाईट अवस्था असते ती दिवसभर घोट-घोट पिणाऱ्यांची. ग्लास घ्या, प्या, संपवा. वर साध्या पाण्याने चूळ भरा. आणि लगेच ब्रश घेऊन धावू नका, आवरण तेव्हा मऊ असतं. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

रमाकांतपंत
साध्या पाण्याला पीएच सात असतो.

चिंगी
पंत 😂😂

सोलापुरी_चटणी
तुम्ही सगळे मशीन, बाटल्या, पीएच करत बसलात. गाडीवर जाऊन "एक खारा सोडा" म्हणायला काय होतंय?

आमच्या चौकात एक मामा आहेत. ग्लासात अर्धं लिंबू पिळतात, साल परत एकदा अंगठ्याने दाबतात. साधं मीठ, काळं मीठ, आणि एका डबीतून तपकिरी मसाला, त्यात काय आहे विचारलं की फक्त हसतात. लांब चमच्याने ते खडखड ढवळतात. मग गोटीची बाटली, लाकडी ठोकळ्याने गोटी आत ढकलली की "फट्" आवाज. ग्लासात ओतायला आणि ग्लास तुमच्या हातात द्यायला मामांना एक सेकंद लागतो, कारण फेस काठावर आलेला असतो. गप्पा मारत उभं राहायचं नाही, तोंड लावायचं. नाकात जातो, डोळ्यांत पाणी येतं. खारेदाणे, तुम्हाला हवा तो चटका हाच आहे की नाही?

मामांना एवढंच सांगावं लागतं, "साखर नको, पाक नको." नाहीतर ते सवयीने टाकतात.

सदाशिव_मोरे_पाटील
वाचून ढेकर आला.

दिल्लीची_सून
इकडे त्याच बाटलीला बंटा म्हणतात. पण मी वेगळं सांगायला आले. कांजी करून बघा. काळी गाजरं नसली तर लाल गाजर आणि बीट. लांब तुकडे, मीठ, लाल तिखट, मोहरीची पूड, उकळून गार केलेलं पाणी, काचेच्या बरणीत, तोंडाला फडकं बांधून उन्हात. तीन-चार दिवसांत आंबट होते आणि मोहरी नाकात चढते. साखर नाही, सोड्याची गरज नाही. होळीच्या सुमारास आमच्याकडे बरण्याच्या बरण्या होतात. पहिल्यांदा प्यायले तेव्हा सासूबाईंकडे बघून कसंबसं गिळलं होतं. आता मीच आदल्या आठवड्यात मोहरी वाटून ठेवते.

बापूसाहेब७७
थम्सअपचा विषय निघालाय म्हणून. १९७७ साली कोकाकोला भारतातून गेली. जनता सरकारने मॉडर्न बेकरीकडून "७७" नावाचं पेय काढलं, ते काही चाललं नाही. पारलेचं थम्सअप त्याच साली आलं आणि ते जे बसलं ते बसलं. १९९३ मध्ये कोकाकोला परतली आणि तिने थम्सअपच विकत घेतलं. पारलेचं संत्र्याच्या चवीचं गोल्डस्पॉट तेवढं गेलं. तरुणपणी रुईया नाक्यावर आम्ही

बापूसाहेब७७
चुकून अर्धंच पोस्ट झालं. असो. गोल्डस्पॉटची आठवण आली की अजून वाईट वाटतं.

चिंगी
बापूसाहेब, रुईया नाक्यावर काय? आता सांगाच!

बापूसाहेब७७
मिसेस सदस्य आहेत इथे.

लीड्सची_लीला
इंग्लंडमधली गंमत सांगते. २०१८ च्या एप्रिलपासून इथे साखरेवर कर आहे. शंभर मिलीत पाच ग्रॅम किंवा जास्त साखर असेल तर एक दर, आठ किंवा जास्त असेल तर त्याहून मोठा. कर लागण्याआधीच बहुतेक कंपन्यांनी साखर पाचच्या खाली आणली. स्कॉटलंडचं लाडकं आयर्न-ब्रू १०.३ वरून ४.७ वर आलं तेव्हा लोकांनी जुन्या चवीच्या बाटल्यांचे साठे केले होते. आज दुकानात उभं राहिलं तर बिनसाखरेचीच पेयं समोर दिसतात, साखरवाली शोधावी लागतात.

घरी आमच्याकडे स्क्वॉश असतं, "नो अ‍ॅडेड शुगर" वालं. मुलांच्या डब्याबरोबर तेच. मी स्वतः मात्र सोडावॉटरमध्ये लिंबाची चकती आणि आल्याचा रस यावर आहे.

हिशेबनीस
लीला, आपल्याकडे उलटं. सप्टेंबर २०२५ पासून या सगळ्या पेयांवर ४० टक्के जीएसटी. साखर घाला किंवा झीरो काढा, कर तोच. साखर कमी करायला कंपनीला कर म्हणून काहीच कारण उरत नाही. साधा, चव नसलेला सोडा मात्र या दरात येत नाही. त्यामुळे हिशेबाने बघितलं तरी सोडा आणि आगळ हेच स्वस्त.

घरी सोड्याचं यंत्र आहे माझ्याकडे, त्याबद्दल दोन शब्द. यंत्रात फक्त पाणी घालायचं. लिंबू, आगळ, रस काहीही आधी घातलंत तर भिंत रंगवावी लागेल. पाणी बर्फासारखं गार हवं, गार पाण्यात वायू जास्त विरघळतो. नळाच्या कोमट पाण्याचा सोडा मिळमिळीत होतो आणि लोक यंत्राला शिव्या देतात. सिलिंडर बदलण्याची सोय गावात आहे का ते आधी बघा, नंतर यंत्र घ्या. रोजचे दोन ग्लास असतील तर काचेच्या सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट परवडतो.

नागपुरी_संत्रं
आमच्याकडच्या उन्हात तुमचं आगळ दुपारपर्यंत नाही टिकत बावा. थट्टा हो.

अंबाडीची लाल बोंडं असतात ना, ती वाळवून ठेवतो आम्ही. रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळायचं. लालभडक आणि चांगलं आंबट पाणी येतं. घरी गूळ-साखर घालतात, पण नाही घातली तरी काळं मीठ आणि सोड्याबरोबर एक नंबर लागते. बाटलीत भरून ऑफिसात नेता येते.

आणि संत्र्याचा ताजा रस कोण सुचवला नाही अजून? साखर नसते ना त्यात वरून.

पृथक
वरून नसते, आतूनच असते. संत्र्याच्या रसात शंभर मिलीला आठ-दहा ग्रॅम साखर सहज असते, कोलाच्या जवळपास. संत्रं सोलून खाल्लंत तर एक-दोनवर थांबता, चोथाही पोटात जातो. ग्लासभर रसाला तीन-चार लागतात. डब्यातल्या रसांवर "१०० टक्के फळांचा रस" असं छापू नका, असं एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, जून २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं ते वेगळंच, कारण त्यातले बरेच पाणी घालून परत रस केलेले असतात.

उसाच्या रसाबद्दल बोलतच नाही.

नागपुरी_संत्रं
माझ्या नावावरच घाव.

बर्लिनकर
इथे उपाहारगृहात साधं पाणी मागितलं तरी वेटर विचारतो, फसफसतं की बिनफसफसतं. सुरुवातीला बुडबुड्याचं नुसतं पाणी पिताना तोंड वाकडं व्हायचं. आता सुट्टीत पुण्याला आलो की सपक पाणी घशाखाली उतरत नाही. जीभ बदलते, पण तिला वेळ द्यावा लागतो.

मधली पायरी म्हणून शोर्ले चांगलं: अर्धा सफरचंदाचा रस, अर्धं सोडावॉटर. साखर निम्मी होते, शून्य नाही. मी दर आठवड्याला रस कमी करत गेलो, शेवटी ग्लासात फक्त रसाचा वास उरला.

गोंयकार
आमच्या गोव्यात मार्च ते मे हुर्राक (काजूच्या बोंडांची दारू) आणि लिम्का, मीठ, लिंबू, मधून चिरलेली हिरवी मिरची. लिम्काऐवजी सोडा घेतला की साखर गेली. धाग्याच्या अटींत बसतं ना?

खारेदाणे
ऑफिसच्या टेबलावर करता आलं पाहिजे, ही अट होती!

गोंयकार
ऑफिस बदला.

बरं, सभ्य पर्याय: फुटी कढी. आमसुलं कोमट पाण्यात कुस्करायची, मीठ, हिंग, मिरची, कोथिंबीर. नारळ नाही, म्हणून हलकी. जेवणानंतर वाटीभर.

फिरस्ती
नारळपाणी राहिलं. थोडी साखर असते, कोलाच्या निम्म्याहून कमी. शहाळं कोवळं घ्या, मलई धरलेलं जास्त गोड असतं असा माझा अनुभव.

आणि कोम्बुचा (आंबवलेला गोड चहा) सुचवणाऱ्यांसाठी: आंबल्यावरही साखर उरते, लेबल वाचा.

अर्धाकप
खारेदाणे, तुम्ही साडेतीनची वेळ लिहिलीत ना, तिथे अडलं मला. दुपारी साडेतीनला ऑफिसात साखर हवी असते की कॅफीन? कोलात ते असतंच. एकदम बंद केल्यावर डोकं दुखलं का दोन-चार दिवस?

खारेदाणे
दुखलं. मी म्हटलं साखरेमुळे.

अर्धाकप
मग दुपारी आगळ पिऊन भागणार नाही. सकाळी कोरा चहा करा, पत्ती जरा कमी, जास्त वेळ नको, नाहीतर तुरट होतो. गवती चहाची दोन पाती टाका. गाळून, गार करून बाटलीत भरा. दुपारी ग्लासात अर्धा चहा, अर्धा सोडा, लिंबाचे थेंब. फसफस आहे, गार आहे, तरतरी आहे. साखर नाही. गार कोरा चहा बिनसाखरेचा चांगला लागत नाही असं वाटतं, पण लिंबू पडलं की लागतो.

चिंगी
हे मी आजच केलं. चहा आणि सोडा हे ऐकून नवरा दाराकडे सरकला होता, आता दुसरा ग्लास मागतोय.

खारेदाणे
बऱ्याच दिवसांनी येतोय, पण प्रयोग चालू होते.

रात्रीचा प्रश्न सुटला. आगळ-सोडा-जिरं. मिरची दोनदा घातली, मग बंद केली, बायको म्हणाली ढेकरांचा आवाज वरच्या मजल्यावर जातो. जेवणानंतर मला गोड नकोच होतं, पोट हलकं वाटायला हवं होतं, ते याने होतं. कैरीचा गरही करून ठेवला होता, तो मुलांनी दोन दिवसांत संपवला.

दुपारी अर्धाकप यांचा चहा. ऑफिसात सोडा ठेवतो आणि बाटलीत चहा नेतो. पहिल्यांदा बेचव वाटला, लिंबू वाढवल्यावर जमला. डोकेदुखी गेली.

झीरो मी सोडलेलं नाही. पृथक यांचं लिंबू-काळं मीठ करून बघितलं, कडवटपणा खरंच मागे पडतो. शुक्रवारी सिनेमाला गेलो की घेतो, तिथे आगळाची बाटली कुणी आत सोडत नाही. कांजी मात्र नाही जमली. दिल्लीची_सून, माफ करा, पहिल्या घोटाला मोहरी थेट मेंदूत गेली.

दिल्लीची_सून
म्हणजे चांगली झाली होती.

दाढदुखी
चूळ भरता का?

खारेदाणे
भरतो डॉक्टर.

सोलापुरी_चटणी
मामांच्या गाडीवर या कधी. मसाल्याचं मी अजून काढतोय, ओवा आहे एवढं नक्की कळलंय.

नवा_सभासद_४
नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. पूर्ण धागा वाचून आगळ आणलं. फोडल्यावर फ्रीजमध्येच ठेवायचं का? ऑफिसात फ्रीज नाही.

कोकणकडा
स्वागत! खारवलेलं असतं, बाहेर टिकतं. झाकण घट्ट लावा, ओला चमचा आत घालू नका, थेट ओता. उन्हापासून लांब ठेवा. आणि पांढरा शर्ट घालाल त्या दिवशी जरा सांभाळून, डाग निघत नाही.